टाकी न उघडणाऱ्या उस्तादांस

माननीय उस्ताद,


रत्नागिरीत आपल्या गॅरेजसमोर गाड्यांची एवढी रांग असताना आपण माझ्या आईच्या 2004 सालच्या मारुती 800 ला आत घेतलेत, याबद्दल प्रथम मनःपूर्वक आभार. खुब्याचे हाड मोडल्यामुळे आईचे गाडी चालवणे 2022 च्या पावसाळ्यात बंद झाले आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. आता आई काठीशिवाय चालते. डॉक्टरांनी स्टिअरिंग धरायला परवानगी दिली आहे. सेल्फ मारला की इंजिन फिरत होते, पण पेटत नव्हते. एवढ्यासाठीच आम्ही आपल्या दारी आलो.

आपल्या दिव्यदृष्टीला वंदन. बॉनेट पुरते उघडायच्या आत आपण "इंजेक्टर गेले" असे सांगून मोकळे झालात. गाडी किती काळ उभी होती, टाकीत पेट्रोल किती आणि केव्हाचे, असले प्रश्न आपल्याला पडले नाहीत. ते बहुधा ज्यांना उत्तर आधीच ठाऊक नसते अशा मेकॅनिकांसाठी असावेत.

पण उस्ताद, सगळे दुखणे त्याच प्रश्नांत होते. आईची गाडी थांबली त्याच सुमारास, जून 2022 मध्ये, देशातल्या पेट्रोलमधले इथेनॉल सरासरी दहा टक्क्यांवर पोचले होते. पेट्रोल पडून राहिले की त्यातला चटकन पेटणारा हलका भाग उडून जातो आणि उरलेले हवेशी संयोग पावून चिकट होत जाते. इथेनॉल ओल धरते. अर्ध्या रिकाम्या टाकीत कोकणातल्या पावसाळ्यांची दमट हवा खेळत राहिली आणि पाणी पुरेसे जमले, की इथेनॉल त्या पाण्याबरोबर पेट्रोलपासून फुटून तळाशी जाते. पंपाची जाळीही तळाशीच असते. म्हणजे इंजिनाच्या वाट्याला आधी तोच थर येतो, सोबत टाकीच्या पत्र्याचा गंजही.

आपण तीन सिलिंडरांचे तीन नवे इंजेक्टर बसवलेत. आपल्या औदार्याला तोड नाही, विशेषतः पैसे आईच्या पेन्शनमधून जात असताना. जुने इंजेक्टर खरोखर निकामी होते का? मल्टिमीटरने कॉइल तपासली असती, बेंचवर फवारा पाहिला असता, तर कळले असते. तोंडाशी राळ बसून अडकलेला इंजेक्टर पुष्कळदा अल्ट्रासॉनिक सफाईने मोकळा होतो. पण सफाईत वेळ जातो, आणि आपला वेळ किती मोलाचा आहे हे बिलावरून आम्हाला समजले.

नव्या इंजेक्टरांना आपण त्याच टाकीतले तेच पेट्रोल पाजलेत, याबद्दल काय लिहू? टाकी उतरवली नाही, जाळी पाहिली नाही, फिल्टरसुद्धा जुनाच ठेवलात. नवे कोरे इंजेक्टर जुन्या गाळाने भरले. नव्या मालाची अशी परीक्षा कंपनीसुद्धा घेत नसेल.

मग आपण स्कॅनर आणलात. त्यात एकही कोड आला नाही, तेव्हा "पेट्रोल बरोबर येतेय" असा निर्वाळा आपण दिलात. आपल्या आत्मविश्वासाचा मला हेवा वाटतो. आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या यंत्रणेची, सक्ती 2010 पासून टप्प्याटप्प्याने आली. ही गाडी त्याआधीची आहे. शिवाय इंधनाचे प्रेशर मोजणारा सेन्सरच तिच्यात नाही. कॉम्प्युटर इंजेक्टरला उघडायचा हुकूम देतो आणि मागे प्रेशर आहे असे धरून चालतो. पंप दमला, जाळी तुंबली, तरी त्याला त्याची खबर नसते. कोड नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही.

त्यासाठी प्रेशरचे गेज लावावे लागते. त्याच्याही आधी कान लावावा लागतो. चावी इग्निशनवर आणायची, सेल्फ मारायचा नाही, आणि गाडीच्या मागच्या बाजूला दोनएक सेकंद पंपाची घरघर ऐकू येते का बघायचे. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, पंपापर्यंत पोचणारा करंट, अर्थिंग. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, तेही पाहायचे. आवाज असेल तर प्रेशर मोजायचे. या धाटणीच्या गाड्यांत ते साधारण अडीच-तीन बार असावे लागते. हे सगळे एकही पार्ट न बदलता होते. मी आपल्याला हात जोडून म्हटले होते, "एकदा गेज लावून बघा." आपण प्रेमळपणे हसलात.

आणि ईसीएम, म्हणजे तोच कॉम्प्युटर, बदललात. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचा.

तोवर सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. मग चार पोरांना लावून धक्का मारवलात. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेले की पुढे ते तिथेच पेटून त्याचे वाटोळे करू शकते, हे आपल्याला सांगणारी मी कोण?

एका गोष्टीचे आभार मात्र मानवत नाहीत. गाडी आईच्या नावावर आहे. कार्बोरेटरच्या जमान्यापासून ती गाडी चालवते, आणि शाळेतून निवृत्त होईपर्यंत हीच गाडी तिने पावसापाण्यात नेली-आणली. तिने आपल्याला विचारले, "टाकी धुवायला नको का?" आपण तिच्याकडे न बघता मला म्हणालात, "काकूंना घरी बसवा, या वयात कशाला गाडी? भंगारात द्या." ती परत येताना रिक्षात एक शब्दही बोलली नाही. तिचा प्रश्न बरोबर होता, उस्ताद. आपल्या गॅरेजात त्या दिवशी विचारला गेलेला तो एकमेव कामाचा प्रश्न होता.

दुसऱ्या एका मेकॅनिकने आधी टाकीचे झाकण उघडून वास घेतला. मग गेज लावले. काटा एक बारच्या आसपास घुटमळत होता. टाकी उतरवली तेव्हा तळाशी तपकिरी पाणी निघाले आणि जाळी चिकटाने बंद झालेली होती. टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर नवे, कडक झालेले रबरी पाइप बदलले, आपले नवे इंजेक्टर साफ केले, आईचा मूळ ईसीएम परत लावला. ताजे पेट्रोल घातले आणि इंजिन पेटले. आई आता रोज सकाळी भाजी आणायला स्वतः जाते.

तेव्हा विनंती अशी. आईचे तीन जुने इंजेक्टर आपल्याकडे आहेत. ती तिची मालमत्ता आहे, परत पाठवा. काढलेला प्रत्येक पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात देत चला. आणि आपल्या दारात कोपऱ्यात धुळीने माखलेली जी पांढरी गाडी कित्येक महिन्यांपासून उभी आहे, तिच्या मालकाला इंजेक्टरचा भाव सांगण्याआधी कृपा करून तिची टाकी उघडा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मारुती 800 च्या मालकीणबाईंची मुलगी