चोवीस की सत्तावीस?

मोठा पेन डिस्प्ले घ्यायचं एकदा मनात आलं, की चित्रकार आधी चित्रं काढायचं थांबवतो. मांडव्याचे प्रस्तुत चित्रकारही थांबले. दिवाळी अंकाची रेखाटनं अर्धवट टाकून ते दिवसचे दिवस परदेशी परीक्षकांचे व्हिडिओ बघत बसले. पडद्यावर थेट पेनाने काढायचं हे यंत्र. त्याची परीक्षा घेणारा प्रत्येक जण शेवटी ड्रॅगनच काढतो, असं त्यांच्या लक्षात आलं. प्रस्तुत चित्रकारांच्या धंद्यात ड्रॅगन येत नाही. येतात ते धोतरातले मास्तर, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण आणि शौचालयाच्या जाहिरातीतलं हसरं कुटुंब. तरीसुद्धा २४ इंचांपेक्षा २७ इंचांवर खवले जास्त जिवंत वाटतात, असा निर्वाळा त्यांनी घरात दिला.

“कुणाचे खवले?” बायकोने विचारलं. ती बांगडे साफ करत होती.

इंचांचा हिशोब तसा विचित्रच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना इम्पीरियल कागद ठाऊक असतो: पूर्ण ताव ३० बाय २२ इंच, अर्धा २२ बाय १५. आता २७ इंची पडदा म्हणजे कर्ण २७ इंच. रुंदी साडेतेवीस, उंची सव्वातेराच्या आसपास. गुणाकार केला तर अर्ध्या तावापेक्षाही कमी भरतो. नावाजलेल्या जपानी कंपनीचा हा अर्धा ताव लाखांच्या घरात जातो. शेनझेनच्या कंपन्यांचा त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो. बायकोने गुणाकार केला नाही. तिने फक्त किंमत वाचली आणि बांगड्याचं डोकं उडवलं.

प्रस्तुत चित्रकारांनी इतिहासाचा आधार घेतला. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ नावाची करामत दाखवली, पडद्यावर प्रकाशपेन टेकवून रेघ काढायची. त्यांचा टीएक्स-२ संगणक अवाढव्य होता आणि चित्र काढायला जागा होती सात इंच बाय सात इंच. म्हणजे सात इंचांत माणूस अजरामर होऊ शकतो. हा मुद्दा आपल्याच विरुद्ध जातो आहे हे ध्यानात आल्यावर प्रस्तुत चित्रकारांनी इतिहास मिटला आणि पाठदुखी काढली.

पाठदुखी हे अधिकृत कारण. खरं कारण असं, की प्रस्तुत चित्रकार काम करतात यावर गावाचा विश्वास नव्हता. पूर्वी बोटांना रंग असायचा, शर्टावर डाग पडायचे, ओटीवर ओली चित्रं वाळत असायची. येणारा-जाणारा दोन मिनिटं थांबायचा. आता लॅपटॉपसमोर एक काळी पाटी ठेवून, तिच्याकडे न बघता तिच्यावर पेन फिरवणारा माणूस बाहेरून शुद्ध रिकामटेकडा दिसतो. त्यात गाव मांडवा. इथे शनिवार-रविवारी अर्धी मुंबई काही न करण्यासाठी येते. त्या गर्दीत कष्ट करणारा माणूस ओळखू यावा म्हणून त्याच्यासमोर काहीतरी अवजड, महाग आणि आवाज करणारं यंत्र हवं. रोगी एक्स-रे मशिनकडे बघतो तशा नजरेने लोकांनी आपल्या टेबलाकडे बघावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

काम देणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. मंडळी पुण्याची, बंगळुरूची. व्हिडिओ कॉलवर गावाचं नाव निघालं, की आवाज खर्जात नेऊन सगळे विजय दीनानाथ चौहान होतात. १९९० सालच्या ‘अग्निपथ’ने मांडव्याला एवढी एकच ओळख देऊन ठेवली आणि २०१२ साली तो सिनेमा नव्याने आला तेव्हा पुढची पिढीही खर्जात गेली. मानधनाचा विषय निघेस्तोवर कॉलची वेळ संपते.

अखेर २४ इंचांवर तह झाला. पावसाळा तोंडावर होता, गेटवेच्या लाँचा बंद झाल्या होत्या, त्यामुळे खोकं भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने आलं. २०२० च्या मार्चमध्ये ही बोट सुरू झाल्यापासून मांडव्याला मुंबई तासाभरावर आली आहे. गाड्या बोटीच्या पोटात, माणसं वर. प्रस्तुत चित्रकार खोकं मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या सीटजवळ एक लॅब्रॅडॉर होता, त्याचं रीतसर तिकीट होतं. “टीव्ही का?” कुत्र्याच्या मालकाने विचारलं. “डिस्प्ले,” प्रस्तुत चित्रकार म्हणाले. “बरोबर, टीव्ही,” मालक म्हणाला.

आता मुख्य गोष्ट. या पेनाला सेल नसतो, चार्जिंग नसतं. पडद्यामागच्या पाटीत तारांची जाळी असते; ती क्षीण, झपाट्याने उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र सोडते. पेनात छोटं वेटोळं असतं. ते त्या क्षेत्रावर जगतं, त्याच लयीत थरथरतं आणि उलट निरोप पाठवतं: मी इथे आहे, एवढा दाब आहे. दाबाच्या म्हणे ८,१९२ पायऱ्या. जवळ चुंबक ठेवू नका, अशी एक ओळ माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत होती. सामान्य माणसाने स्पीकर जरा लांब सरकवला असता. पण प्रस्तुत चित्रकार अलिबाग तालुक्याचे. चुंबकाच्या बाबतीत या तालुक्याला इतिहास आहे आणि तो ऐकून घेतल्याशिवाय घरात कुणाला जेवण मिळालं नाही.

तो इतिहास असा. मुंबईच्या कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा होती आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरच्या स्फोटाने पृथ्वीभर जे प्रचंड चुंबकीय वादळ झालं, त्याची कुलाब्याची नोंद आजही जगातले शास्त्रज्ञ काढून बघतात. सगळं छान चाललं होतं. मग मुंबईने विजेवरच्या ट्राम आणायचं ठरवलं. घोड्यांच्या ट्रामचा चुंबकसुईला काही त्रास नव्हता, घोडा लीद टाकेल पण विद्युतप्रवाह सोडणार नाही. विजेच्या ट्रामचा प्रवाह मात्र रुळांतून जमिनीत झिरपणार आणि सुया नाचणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी जागा शोधली ती अलिबागला. समुद्रापलीकडे, शांत, कुणी ट्राम आणण्याची सुतराम शक्यता नसलेलं गाव. इमारत बांधताना लोखंड वर्ज्य. दगड चुंबकीय नसावा म्हणून थेट पोरबंदरहून आणला, बिजागऱ्या-खिळ्यांना तांबं-पितळ. १९०४ साली ही वेधशाळा सुरू झाली. लगेच कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजून आकडे जुळवून घेतले, म्हणजे साठ वर्षांची साखळी तुटायला नको. मग १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली, निर्धास्त.

“मी काय अलिबागहून आलोय का?” असं विचारून सबंध महाराष्ट्र आपलं शहाणपण सिद्ध करतो. या वाक्याविरुद्ध २०१९ साली उच्च न्यायालयात याचिकासुद्धा गेली आणि फेटाळली गेली. प्रस्तुत चित्रकारांचं म्हणणं एवढंच, की न्यायमूर्तींपुढे कुणी मूससाहेबांचा दाखला द्यायला हवा होता. मुंबईला उत्तर दिशा अचूक मोजता येईना तेव्हा ती अलिबागला आली होती.

ही सगळी तयारी कामी आली, कारण नव्या पडद्यावर रेघ थरथरू लागली. मास्तरांच्या धोतराची सरळ रेघ काढावी, तर कंप सुटल्यासारखी लाट उठे. प्रस्तुत चित्रकारांनी ताबडतोब खोलीत १९०४ साल आणलं. स्पीकर गेला, फ्रिजवरचे फळांच्या आकाराचे चुंबक गेले, कात्री गेली, लोखंडी खुर्ची ओटीवर गेली. मग त्यांची नजर गोदरेजच्या कपाटाकडे वळली.

“पोरबंदरचं मागवू या का?” बायकोने विचारलं.

कपाट राहिलं. थरथरही राहिली. शेवटी गावातला वायरमन आला. त्याने पडद्याच्या धातूच्या पाठीला हात लावला, बारीक मुंग्या आल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, “घराला अर्थिंग नाही.” म्हणजे इतकी वर्षं घरात प्रकाश होता, गळणाऱ्या विजेला जमिनीत जायला रस्ता नव्हता. अंगणात खड्डा खणला. त्यात लोखंडी नळी उभी केली, भोवती थरावर थर मीठ आणि कोळसा. पाणी ओतलं. आत येऊन बघितलं तर धोतर सरळ. प्रस्तुत चित्रकारांनी चुंबकाचा सिद्धांत मात्र अधिकृतपणे मागे घेतलेला नाही.

उरलेल्या कोळशाचा एक तुकडा त्यांनी उचलला आणि ओटीच्या भिंतीवर सहज रेघ मारली. विलंब शून्य. पेनाचं टोक आणि रेघ यांच्यातलं अंतर शून्य. दाबाच्या पायऱ्या मोजायला कुणी नाही.

भिंतीवरून या पंचक्रोशीत एकच नाव आठवतं. मांडव्यापासून जवळच सासवणे. तिथे १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. मुलाने देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते नजरेस पडलं आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. पुढे हाच मुलगा मोठा शिल्पकार झाला. पुण्यात १९२८ साली बसवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्याचा. करमरकरांनी साध्या सिमेंटमध्येही माणसं उभी केली. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज संग्रहालय आहे. म्हातारी बाई, कोळीण, घरचीच वाटावी अशी म्हैस. त्यांच्याभोवती फिरता येतं, मागची बाजूही दिसते.

प्रस्तुत चित्रकार त्या घरातून बाहेर पडतात तेव्हा थोडा वेळ विनोद करत नाहीत. त्यांच्या कामाला मागची बाजू नाही. मूळ चित्र असं काही शिल्लकच नसतं. असते ती फाइल, आणि ती उघडणारं सॉफ्टवेअर दरवर्षी भाडं मागतं. उद्या कुणी मांडव्यात यांचं संग्रहालय काढलंच, तर दाखवायला एक हार्ड डिस्क निघेल आणि ती ज्या भोकात बसते ते भोक तोवर जगातून गेलेलं असेल.

आणि अनडू. दोन बोटं दाबली की रेघ मागे जाते. ही सोय चित्रकारासाठी केली असं म्हणतात, पण तिचा उपभोग घेतो तो काम देणारा. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ अंक काढला. त्या काळात रंगवून पुरं झालेल्या मुखपृष्ठातली बाई ‘जरा डावीकडे सरकवून द्या’ असं म्हणायची कुणाची छाती झाली नसती, कारण ती सरकणार नाही हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही दिसत होतं. कागदाचीच मर्जी राखावी लागे. आता बाई सरकते, साडीचा रंग बदलतो, मूल कडेवरून खाली उतरतं आणि पुन्हा कडेवर चढतं. मानधन तेवढंच. मोठ्या पडद्यावर हा छळ फक्त मोठा दिसतो.

पडदा बघायला गाव आलं, ते हवं तसं दबकून आलं. शेवटी बोडणी गावचे काका आले. काका होड्यांवर नावं रंगवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद; होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. पावसाने जरा उघडीप दिली की काका ऑइल पेंटचा डबा आणि चपटा ब्रश घेऊन नाळेशी बसतात. अक्षर फुगलं की फुगलं, पुसायची सोय नाही. सबंध बंदर वर्षभर ते वाचणार. प्रस्तुत चित्रकारांच्या हातात पहिला ब्रश त्यांनी दिला.

काकांनी पडद्याभोवती फेरी मारली. “पावसात चालतो?”

“नाही, काका.”

“मग होडीवर कसा नेणार?”

प्रस्तुत चित्रकारांनी विषय बदलायला पेन हातात दिला. पुतण्याच्या होडीचं नाव काढा, म्हणाले. काकांनी ‘एकवीरा प्रसाद’ असं लिहिलं, एका दमात, न थांबता, पडद्याच्या कडेपासून कडेपर्यंत बरोबर मावेल असं. वेलांटी किंचित बाहेर गेली. प्रस्तुत चित्रकारांनी दोन बोटं दाबली आणि वेलांटी नाहीशी झाली.

काका खूप वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “परत कर.” परत केलं. “काढ.” काढलं. त्यानंतर त्यांनी लाल मागितला. मग लालाला पिवळी कड. कड जाड. नाही, बारीक. एकवीरा जरा वर घे. प्रसाद छोटा कर. छोटा म्हणजे एवढा छोटा नाही रे. सावली घाल. सावली या बाजूला नको, सूर्य तिकडून येतो. चहा झाला, दुसरा झाला. उभा जन्म ज्यांनी एक रेघ मागे घेतली नाही, ते काका दिवेलागणीपर्यंत पुण्या-बंगळुरूच्या कुठल्याही कंपनीला मागे टाकून गेले होते. बायको दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

“आता,” खुर्चीत मागे रेलून काका म्हणाले, “पहिलं होतं ना साधं, ते दाखव बघू. तेच बरं वाटत होतं.”