गाईंच्या खिंडीत एक्सेल

मराठी माणूस प्रवासाला जात नाही, तो ठिकाणं ‘करतो’. महाबळेश्वरला गेला की पॉइंट करतो, मे महिन्यात युरोप करतो, आणि लंडनला लेकीकडे मुक्काम पडला की त्यातले चार दिवस काढून स्कॉटलंडही करून टाकतो. या करण्याचं मुख्य हत्यार म्हणजे जावयाने बनवलेला एक्सेलचा तक्ता. साडेसातला नाश्ता (ठेपले सोबत), आठला प्रस्थान, ९.४० ते ९.५५ धबधबा, आणि पुढच्या रकान्यात ‘ॲपलक्रॉस : समुद्र, फोटो, जेवण, ४५ मिनिटं’. तक्ता बिनचूक असतो. ज्या रस्त्याच्या भरवशावर तो बेतलाय, त्या रस्त्याला तेवढं कुणी विचारलेलं नसतं.

स्कॉटिश हायलँड्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव. वस्ती आसपासच्या वाड्या धरून अडीचशेच्या घरात. नावात ॲपल असलं तरी सफरचंदाशी संबंध नाही. क्रोसान नदीच्या मुखाचं जुनं नाव इंग्रजांच्या जिभेवर असं वळलं. गावात शिरणारा प्रसिद्ध रस्ता १८२२ साली झाला. त्याचं गेलिक नाव ‘बेलाख ना बा’, म्हणजे गाईंची खिंड. यातला गाईचा शब्द आणि आपला ‘गो’ एकाच मुळातून आलेले, तेव्हा नातं तसं जुनंच. याच वाटेने पूर्वी गुरं बाजाराला हाकत नेत. जवळजवळ समुद्रसपाटीपासून निघून हा रस्ता थेट ६२६ मीटर उंची गाठतो, काही ठिकाणी पाचास एक असा चढ घेतो, आणि नागमोडी वळणं घेत पलीकडे समुद्राशी उतरतो. अंतर सुमारे १८ किलोमीटर, तक्त्यात वेळ पंचवीस मिनिटं. पायथ्याला फलक आहे: शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅराव्हॅन यांनी हा रस्ता टाळावा. फलक वाचायला तक्त्यात वेळ ठेवलेला नसतो.

हा रस्ता एका गाडीचा आहे, आणि सगळी मेख तिथेच. समोरून दुसरी गाडी आली तर ठरावीक अंतरावर ठेवलेल्या फुगवट्यात एकाने थांबायचं. फुगवटा डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर आपण डावीकडेच, त्याच्यासमोर थांबायचं. समोरचा त्यात शिरून पुढे जातो. चढणाऱ्या गाडीला शक्यतो आधी वाट द्यायची, मागे स्थानिक माणसाची गाडी आली तर तिलाही पुढे जाऊ द्यायचं, आणि फुगवट्यात गाडी लावून डबा उघडायचा नाही. थोडक्यात, इथे थांबणं हा प्रवासातला व्यत्यय नसून प्रवासच आहे. तुम्ही किती वाजता पोचणार हे समोरून येणारे अनोळखी लोक ठरवतात, आणि मधूनमधून मेंढ्याही. अशा रस्त्यावर मिनिटांचा तक्ता घेऊन जाणं म्हणजे वरातीपुढे स्टॉपवॉच घेऊन चालण्यासारखं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘आम्ही ताम्हिणीतून गाड्या काढल्यात, आम्हाला घाट शिकवू नका.’ मान्य. गाडी तिथेही डावीकडूनच चालते आणि आपला परवानाही पाहुण्याला वर्षभर चालतो. पण आपल्या घाटातलं निम्मं कौशल्य हॉर्नमध्ये असतं, आणि हॉर्नने रस्ता रुंद होत नाही. तिथे लागतो तो रिव्हर्स, तोही उतारावर, पुढे-मागे गाड्या असताना. आपल्याकडे मागे येण्याची सवय फक्त उमेदवारी अर्ज भरणाऱ्यांना असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: व्हिसा महाग, विमान महाग, रजा मोजकी, मग मिळेल तेवढं पाहून घ्यायला नको का? नको, असं कोण म्हणेल? पण ८३० किलोमीटरची ‘नॉर्थ कोस्ट ५००’ नावाची प्रदक्षिणा चार दिवसांत संपवणाऱ्याच्या हाती शेवटी पुढच्या गाडीची नंबरप्लेट लागते. ही प्रदक्षिणा काही परंपरेने आलेली नाही. पर्यटन वाढावं म्हणून जुनेच रस्ते जोडून तिला २०१५ मध्ये नाव दिलं गेलं. ती पुरी न केल्यास पाप लागल्याची नोंद नाही.

तिसरा आक्षेप परोपकाराचा: आपण गेलो की गावाला चार पैसे मिळतात. मिळतात, पण थांबलं तर. ठेपल्यांचा डबा घेऊन आलेला पाहुणा ४५ मिनिटांत गावाला देतो ती मुख्यतः गर्दी. १९७०च्या दशकात उत्तरेकडून किनाऱ्याचा रस्ता होईपर्यंत गावात गाडीने यायला ही खिंडच होती. हिवाळ्यात बर्फ पडलं की वाट बंद. आज रस्ते दोन झाले, तरी दुकान, दवाखाना, नोकरी यांसाठी गावकऱ्यांची ये-जा त्यांवरूनच होते. त्यांच्या वाटेत आपला फोटो आडवा येतो, एवढाच बहुतेकदा आपला हातभार. शिवाय माथ्यावरून रासे आणि स्काय ही बेटं दिसतात असं तक्त्यात लिहिलेलं असलं, तरी धुक्याने तक्ता वाचलेला नसतो. धुकं विरेपर्यंत थांबायची तयारी असेल त्यालाच बेटं दिसण्याची आशा.

तेव्हा जावईबापूंना एवढीच विनंती: बाकीचे सात रकाने खुशाल पुसा, ॲपलक्रॉससमोरच्या ४५ मिनिटांच्या जागी दोन रात्री लिहा, आणि खोली आधीच राखून ठेवा. गावात खोल्या मोजक्याच आहेत.