शाकाहाराचे अव्वल कारकून

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सन्मानाने निवृत्त झालेल्या, उपनगरातील आपल्या सदनिकेच्या गॅलरीत गव्हांकुरांच्या कुंड्या बाळगणाऱ्या आणि वामकुक्षी आटोपताच शेजारपाजाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची काळजी वाहू लागणाऱ्या गृहस्थांची जी एक जात अलीकडे पुण्यात उदयास आली आहे, तिचे सर्वांगपरिपूर्ण दर्शन ज्यांना घ्यावयाचे असेल त्यांनी आमच्या तात्यासाहेबांकडे सकाळी सातच्या आत जावे. सातनंतर ते बागेत असतात, आणि तेथे त्यांच्या तावडीतून सुटण्यास वाट नाही.

तात्यासाहेब जन्माने शाकाहारीच. मांसाहार ज्याने कधी धरलाच नाही त्याला तो सोडल्याचे पुण्य लाभत नाही, आणि उतारवयात काहीतरी सोडल्यावाचून तर चैन पडत नाही, अशा पेचात सापडलेल्या माणसाला दूधदुभत्यावर हात घालण्यापलीकडे गत्यंतर नसते. त्याप्रमाणे एके दिवशी फर्मान सुटले, आणि दूध, दही, ताक, तूप व चक्का या पाच जिनसा त्या घरातून हद्दपार झाल्या. चहात शेंगदाण्याचे दूध आले. या पंथाला ‘व्हीगन’ हे नाव इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन नावाच्या सद्गृहस्थाने दिले आणि तो स्वतः ९५ वर्षे जगला, या दोन गोष्टी तात्यासाहेब एकाच श्वासात अशा काही बेताने सांगतात की, नाव दिल्यामुळेच आयुष्य वाढले असावे असा ऐकणाराचा समज व्हावा. आमच्या वाड्यातील एक आत्याबाई तूपभातावर त्याहूनही अधिक जगल्या, असे मी एकदा नम्रपणे निवेदन केले, तेव्हा एका माणसाच्या उदाहरणावरून सिद्धांत बांधणे अशास्त्रीय आहे, असे त्यांनी मला तत्काळ सुनावले.

वनस्पत्याहाराशी माझे भांडण मुळीच नाही. कडधान्ये, पालेभाज्या आणि न सडलेले धान्य मनुष्याच्या काळजाला मानवते, याला भक्कम पुरावा आहे. मौज आहे ती पुराव्याविषयीच्या तात्यासाहेबांच्या धोरणाची. नोकरीत असताना याच गृहस्थांनी कोर्ट फीचा स्टॅम्प कमी पडला म्हणून कितीएक अर्ज परत धाडले होते, आणि ज्याच्या अंत्ययात्रेस ते स्वतः हजर होते अशा एका खातेदाराला, मृत्यूचा दाखला फायलीस जोडलेला नाही या सबबीवर, कागदोपत्री आणखी दोन वर्षे जिवंत ठेवले होते. अशा मनुष्याच्या दप्तरी आज ‘एका जपानी डॉक्टरने सांगितले आहे’ एवढ्या तोंडी जबानीवर काकडीच्या नावे मधुमेह बरा केल्याची नोंद होते, आणि तिला ना साक्षीदार लागतो, ना पंचनामा.

त्यांचा मुख्य आधारग्रंथ म्हणजे चीनमधील ६५ परगण्यांच्या पाहणीवर कॉलिन कॅम्पबेल या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या मुलासह लिहून २००५ साली प्रसिद्ध केलेले पुस्तक. त्या पाहणीत माणसामाणसाचे रक्त निरनिराळे न तपासता अनेकांचे एकत्र करून तपासले होते, आणि परगण्यापरगण्यांच्या सरासऱ्या ताडून पाहिल्याने अमुक एकाला अमुक खाल्ल्यामुळे अमुक रोग झाला असे सिद्ध होत नाही, ही हरकत जाणत्यांनी केव्हाच घेतली आहे. परंतु ज्या मनुष्याने उभी हयात गावच्या आणेवारीवरून एकेका शेतकऱ्याचे पीक बुडाले की नाही हे ठरवण्यात घालवली, त्याला या हरकतीत अर्थ दिसावा तरी कसा?

कात्रणांच्या वहीची गोष्ट याहून सरस आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे ४८ हजार ब्रिटिश स्त्रीपुरुषांचा १८ वर्षे मागोवा घेऊन २०१९ साली असे प्रसिद्ध केले की, मांसाहाऱ्यांच्या तुलनेने शाकाहाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी, पण पक्षाघाताचे २० टक्क्यांनी अधिक आढळले. म्हणजे टक्क्यांचा दिमाख बाजूला ठेवून बोलावयाचे तर, हजार माणसांमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे १० रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे ३ जास्त. या वृत्ताचे कात्रण वहीत मी स्वतः पाहिले आहे. कात्री नेमकी ‘कमी’ या शब्दापाशी थांबलेली होती. उरलेला कागद वहिनींनी फडताळात अंथरला होता, आणि पक्षाघात त्या घरात शेवयांच्या डब्याखाली निवांत पडून होता.

महात्माजींचा दाखला ते उठल्याबसल्या देतात. मात्र दूध न पिण्याचे व्रत घेतलेल्या महात्माजींना मोठ्या दुखण्यानंतर शेळीच्या दुधाचा आश्रय करावा लागला, हा भाग त्यांच्या नकलेत उतरलेला नसतो. ज्या उरुळीकांचनला १९४६ साली महात्माजींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम निघाला, तेथे तात्यासाहेब एकदा राहून आले, आणि आल्यावर महिनाभर मातीच्या पट्ट्यांवर बोलत होते. त्याच आश्रमाच्या मणिभाई देसाईंनी पुढे १९६७ साली त्याच गावी संस्था काढून संकरित गाईंच्या द्वारे दुधाचे पाट वाहविण्याचा उद्योग आरंभला, हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

गेल्या पावसाळ्यात मात्र प्रसंग बेतला होता. दुधीचा हिरवट, फेसाळ रस पेल्यांत ओतून एक माझ्यापुढे सरकवीत ते यकृतशुद्धीवर बोलू लागले, तोच वहिनी स्वयंपाकघरातून दुधीचा उरलेला तुकडा हातात घेऊन आल्या.

“अहो, कडू आहे हा दुधी.”

“कडू तेच औषध, असे शास्त्रच आहे.”

“कुठल्या शास्त्रात आहे ते दाखवा, मग प्या,” असे म्हणून त्या माउलीने दोन्ही पेले उचलून मोरीत रिकामे केले. कडू दुधीतील कुकुर्बिटासिन हे विष आहे, आणि असल्या रसाने माणसे दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने समिती नेमून कडू लागणारा रस पिऊ नये असे बजावले होते. वहिनींनी त्या समितीचा अहवाल वाचलेला नव्हता. दुधी चिरताना टोकाची चकती चाखून पाहावी, ही त्यांच्या माहेरची रीत एवढेच.

पुढे तात्यासाहेबांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासावयास सांगितले, आणि बी-१२ जीवनसत्त्व जवळजवळ बेपत्ता निघाले. यात नवल नव्हते, पुण्याच्याच के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा त्यांतील सुमारे दोन तृतीयांशांत ते कमी भरले होते, आणि शाकाहाऱ्यांना तर हा धोका कितीतरी अधिक. वनस्पतीत ते नसतेच. तशात तात्यासाहेबांनी दुधाची वाटही बंद केलेली. त्यांनी अहवाल खिडकीच्या उजेडात धरून दोनदा न्याहाळला आणि त्यावर सही आहे पण शिक्का नाही, असा आक्षेप नोंदविला. वहिनी दुसऱ्या दिवशी शिक्का मारून घेऊन आल्या.

औषध घेणे प्राप्तच होते. पण बी-१२ कारखान्यात जंतूंकरवी तयार करतात हे कळताच तात्यासाहेबांना त्यांच्या काळचे शालेय पुस्तक आठवले, त्यात जंतूंची गणना वनस्पतिसृष्टीत केलेली होती, आणि त्या आधारे सदरहू इंजेक्शन शाकाहारी असल्याचा शेरा मारून त्यांनी प्रकरण निकालात काढले. आता दर शनिवारी दवाखान्यात ते सदऱ्याची बाही वर करून बसतात आणि सुई टोचेपर्यंत कंपाउंडरला दुधाचे दुष्परिणाम समजावून सांगतात. कंपाउंडरच्या घरी चार म्हशी आहेत. तो सगळे मान डोलावून ऐकून घेतो, आणि इंजेक्शन जरा जोरात देतो.