काढणारे आणि चढवणारे

इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन थ्रीडी प्रिंटिंगने घडवलं आणि ९ मे २०२४ रोजी महेंद्रगिरीला सलग ६६५ सेकंद पेटवूनही पाहिलं. १४ भागांचा एकच भाग झाला, वेल्डिंगचे १९ जोड गेले. जिथे पूर्वी ५६५ किलो फोर्जिंग नि पत्रा लागायचा, तिथे १३.७ किलो धातूची पावडर पुरली.

भोसरीच्या एका वर्कशॉपमालकांना हे ऐकवलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘मग भंगार किती निघालं?’’

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. लेथखालच्या ट्रेमध्ये कूलंटने ओली झालेली, उष्णतेने निळसर पडलेली चिप्सची वेटोळी साठतात. ती किलोवर विकली जातात आणि चहापाणी सुटतं. थर चढवणाऱ्याला असली वरकड कमाई कुठली?

खरा फरक मात्र स्वभावाचा. कातणारा माणूस भित्रा. २५ चा शाफ्ट २४.९५ झाला की खेळ खलास; काढलेलं परत चिकटत नाही. म्हणून शेवटच्या कटआधी तो मायक्रोमीटर लावतो, पुसतो, पुन्हा लावतो. प्लास्टिकचा प्रिंटरवाला रात्री बटण दाबून खुशाल घरी जातो. सकाळी बघावं तर भाग बेडवरून सुटलेला, आणि सोऱ्यातून भलतीकडेच पडलेल्या शेवेसारखा नुसता गुंता!

मग निवडायचं कसं? साधा बुश असेल तर प्रिंटरचं नावही काढू नये. लेथवर चहा येईस्तोवर होतो. साच्याच्या पोटातून वळणं घेत थंड पाणी फिरवायचं असेल, तर ड्रिल हात टेकतं, कारण त्याला सरळच जाता येतं. तिथे थरच चढवावेत. बंद पडलेल्या कंपनीच्या मिक्सरचा एकुलता एक नॉब हवा असेल, तेव्हाही. प्लास्टिकचे तेच नॉब दहा हजार हवे असतील तर दोघांनाही रजा देऊन सरळ मोल्ड करावा.

आणि एवढं करून धातूचा छापील भाग बेअरिंगच्या बसणीसाठी, आट्यांसाठी शेवटी मशीनवरच येतो. वजन घटवायच्या नादात संगणकाने त्याची एकही बाजू सपाट ठेवलेली नसते. ऑपरेटर तो उलटासुलटा करून बघतो, ‘‘दिसतो झकास, पण पकडू कुठे?’’ असं विचारतो, आणि फिक्श्चरचं वेगळं कोटेशन निघतं.