भिवंडीत ए ट्रेन

मांडीवर आडवी ठेवलेली गिटार पाहिली की भिवंडीतल्या आमच्या कामतघरात लोक आधी विचारतात, "काय झालं, मोडली का?" मोडलेली नाही. ही हवाइयन गिटार. जगात हिला स्टील गिटार म्हणतात. डाव्या हातातला पोलादी रॉड तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. तारा पट्टीपासून इतक्या उंच, की त्या बोटाने दाबायचा प्रश्नच येत नाही. पडदे असतात, पण नुसते रेघेपुरते. रॉड रेघेच्या केसभर अलीकडे राहिला की सूर बेसूर, केसभर पलीकडे गेला की शेजारी बेचैन.

हिचा आवाज मात्र माझ्या वयाच्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. लग्नाच्या हॉलात पंगती उठेपर्यंत शब्दांवाचूनची हिंदी गाणी वाजायची, त्यांतली निम्मी तरी सुनील गांगुलींची असावीत. त्यांच्याआधी लखनौहून मुंबईला आलेले व्हॅन शिप्ली होते. 1940 च्या दशकात ताउ मो नावाचा गिटारवाला कलकत्त्यात मुक्काम ठोकून होता. तो गेला, पण बंगाल्यांचं हवाइयन गिटारचं वेड गेलं नाही. 1967 साली ब्रिजभूषण काब्रांनी 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर-बासरीच्या शेजारी हीच गिटार रागदारीत बसवली. एवढी मोठी माणसं आपापल्या वाटेने नीट गेलेली असताना मला जॅझ वाजवायची बुद्धी झाली. तीही 'टेक द ए ट्रेन'.

ही रचना बिली स्ट्रेहॉर्नची, 1939 ची. जॅझ बँडचा म्होरक्या ड्यूक एलिंग्टनने या पोराला हार्लेममधल्या आपल्या घरी बोलावलं आणि पत्ता सांगताना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची 'ए' गाडी पकडायला सांगितलं. पोराने त्या पत्त्याचंच गाणं केलं. 1941 साली अमेरिकेत रेडिओवाले आणि संगीतकारांची संस्था यांचं पैशांवरून वाजलं, एलिंग्टनच्या स्वतःच्या रचना रेडिओवरून बंद झाल्या, आणि स्ट्रेहॉर्नचं हे गाणं त्या बँडची ओळख होऊन बसलं.

पत्ता सांगताना गाडीचं नाव घेता येतं, इथेच न्यूयॉर्क आणि भिवंडी वेगळी पडतात. आमच्याकडे पत्ता सांगतात तो असा : "अंजूर फाट्यापर्यंत रिक्षाने या, पुढे ट्रॅफिक असेल, तिथून चालत या, लवकर पोचाल." तसं आम्हाला रेल्वे स्टेशन आहे. दिवा-वसई मार्गावरचं भिवंडी रोड. दिवसातून मोजक्या मेमू तिथे थांबतात. 2020 पासून तिथून पार्सलगाड्याही सुटू लागल्या, त्या थेट आसामपर्यंत. म्हणजे गोदामातला मिक्सर गुवाहाटीच्या वेशीपर्यंत बसल्याजागी जातो आणि आम्ही ठाण्याला लोंबकळत जातो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी 2018 च्या डिसेंबरात झाली. त्या मेट्रोच्या खांबांखाली रिक्षा तुंबलेली असताना मी गाडीचं गाणं गुणगुणतो, तेव्हा रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघतो. त्याचं काही चुकत नाही.

पण रेल्वेचा आणि या वाद्याचा संबंध जुनाच आहे. हवाई बेटांवर 1885 च्या सुमारास जोसेफ केकुकू नावाचा शाळकरी मुलगा रुळांवरून चालला होता, त्याला एक बोल्ट सापडला, तो गिटारच्या तारांना लागला आणि हे वाद्य जन्मलं, अशी कथा सांगतात. माझा रॉड रुळांवरचा नाही, मागावरचा आहे. समोरच्या यंत्रमाग कारखान्यात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने जुन्या शाफ्टचा तुकडा लेथवर कापून, पॉलिश मारून आणून दिला. दुकानातला रॉड किती रुपयांना मिळतो हे ऐकून तो नुसता हसला होता. तुकडा वजनदार आहे. हातातून सुटला की आधी पायावर पडतो आणि मग फरशीवर, त्यामुळे खालच्या मजल्यावर दोन आवाज जातात : आधी माझा, मग त्याचा.

आता अडचण सांगतो. माझ्या सहा तारा खालून वर अशा लावलेल्या आहेत : सा, ग, प, ध, सा, ग. सी-सिक्स्थ म्हणतात. रॉड सरळ ठेवून सगळ्या तारा छेडल्या की एकदम समुद्रकिनारा, नारळाची झाडं, हातात शहाळं. कुठल्याही रेघेवर ठेवा, तोच गोडवा. जॅझला हा गोडवा चालत नाही. तिथे प्रत्येक कॉर्डमध्ये एखादा खडा लागतो, आणि तो आणायला रॉड तिरका धरावा लागतो. म्हणजे एक टोक या रेघेवर, दुसरं टोक पुढच्या रेघेवर आणि मधली तार रामभरोसे. अंगठा मागून ढकलतो, तर्जनी पुढून ओढते, करंगळीचा या व्यवहाराशी संबंध नसताना ती ताठ उभी राहते. हे सगळं व्हायच्या आत कॉर्ड निघून गेलेली असते. ए ट्रेनच ती, थांबते कुणासाठी!

गाण्याची सुरुवात भाबडी आहे. पंचम, वरचा गंधार, पुन्हा पंचम, षड्ज, गंधार, आणि तिथून धाडकन खाली कोमल धैवतावर. तिथेच ठाण मांडायचं. त्या सुराखाली डी-सेव्हन्थ कॉर्ड असते आणि तिचं त्या सुराशी पटत नाही. त्या न पटण्यातच सगळी मजा आहे. शेजारचे काका भजनात पेटी वाजवतात. त्यांनी तो धैवत ऐकला आणि जिना चढून आले. "अरे, संध्याकाळी सहाला भैरव?" मी म्हटलं, "काका, हे अमेरिकेतलं आहे." घड्याळाकडे बघून ते म्हणाले, "मग ठीक आहे. तिथे सकाळच असेल." आता ते रोज सहाला त्या धैवताची वाट पाहतात. तो बरोबर लागला तर भिंतीपलीकडून "हां!" ऐकू येतं. ते फारसं ऐकू येत नाही.

घरातल्यांना जॅझ समजावणं त्यामानाने सोपं गेलं. 1951 चा 'अलबेला' लावला. संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, नाच भगवानदादांचा आणि बँड गोव्याच्या चिक चॉकलेटचा. बायको म्हणाली, "हे होय? मग हे असंच सोपं वाजवा ना, अहो."

खरी गंमत लयीची झाली. आमच्या गल्लीत चारी बाजूंनी यंत्रमाग. साधा माग मिनिटाला शंभराच्या वर वेळा धोटा फेकतो. मी मेट्रोनोम घेतलाच नाही. खिडकी उघडी ठेवली की फुकटात मिळतो. पण माग सारखा चालतो, खट-खट, खट-खट, आणि जॅझच्या स्विंगमध्ये मात्रेचा पहिला अर्धा लांबतो नि दुसरा उशिरा येऊन पुढच्या मात्रेला चिकटतो. मी लांबवायला गेलो की माग मला ओढून सरळ करायचा.

जॉबर एकदा रॉड कसा चाललाय ते बघायला आला. दारातच उभा राहिला, मान तिरपी करून ऐकलं, आणि मागाच्या तक्रारीचं निदान करावं तसं म्हणाला, "साहेब, तुमचा धोटा लवकर सुटतोय." मी त्याला मूळ रेकॉर्ड ऐकवली. त्याने डोळे मिटले, हाताने हवेत काहीतरी सैल केलं. "हा माग लंगडतोय," तो म्हणाला, "पण कापड नंबर एक आहे. असा माग मी चालवला तर शेठ मला त्याच दिवशी घरी बसवील." स्विंग म्हणजे लंगडता माग. यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

1963 साली एलिंग्टन बँड घेऊन मुंबईला आला होता, स्ट्रेहॉर्नही बरोबर होता. भिवंडीपासून पन्नासेक किलोमीटरवर. जॅझवाल्यांना तेव्हा आमच्या जॉबरसारखा एखादा भेटायला हवा होता, असं मला फार वाटतं.

आता पहिल्या आठ मात्रा... चुकलो, आठ बार बसलेत. असे चार तुकडे आहेत. त्यांतले तीन जवळपास सारखेच, हा स्ट्रेहॉर्नचा मोठेपणा. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी शुक्रवारी यावं, माग बंद असतात. सहाच्या आत या, म्हणजे धैवत चुकणार नाही. आणि गाडीने येणार असाल तर मेमूचं वेळापत्रक आधी बघून घ्या. ती चुकली तर ठाण्याहून सरळ एसटी धरा.