स्विम डायपर यांस अनावृत पत्र

रा. रा. स्विम डायपर,
मुक्काम सबडिव्हिजनचा स्विमिंग पूल, अल्फारेटा, जॉर्जिया, यांस
स. न. वि. वि.

मेमोरियल डेचा शनिवार-रविवार आला की अल्फारेटातल्या पुलांची फाटकं उघडतात आणि लेबर डेपर्यंत तिथे आपलं राज्य चालतं. कंबरेला घट्ट, मांडीला घट्ट, अंगावर मासे आणि कासवं. डायपरमधल्या मुलांनी आपल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असा दंडकच असतो. नियमांच्या पाटीवर आणखीही एक ओळ असते : ज्याला जुलाब होत आहेत त्याने पाण्यात येऊ नये. ती ओळ वाचण्याची गरज आता कुणाला वाटत नाही. पोट बिघडलेल्या पोराला घरी ठेवायचं की नाही हा प्रश्न आईबापांनी आपल्यावर सोपवला आणि आपणही तो निमूट अंगावर घेतलात. आपलं खरं कर्तृत्व हेच, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपली लायकी काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? साधा डायपर पाण्यात फुगून उशीएवढा होतो, आपण फुगत नाही. कारण आपण काही शोषूनच घेत नाही. घट्ट शी काही वेळ धरून ठेवणं एवढीच आपली झेप. पातळ शी मांडीच्या इलॅस्टिकखालून कधी निघून जाते ते काठावरच्या खुर्चीतून दिसतसुद्धा नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, अल्फारेटाहून तासाभराच्या आत पोचता येईल अशा अटलांटातल्या क्लिफ्टन रोडवर आहे. तिचं म्हणणं असं की आपण जंतूंना फार तर काही मिनिटं उशीर करता, अडवत नाही. आणि ई. कोलाय ओ१५७:एच७ या जंतूला आजार द्यायला शंभरसुद्धा साथीदार लागत नाहीत. उथळ पाण्यात खिदळणारं दोन वर्षांचं पोर तेवढे एका घोटात गिळतं.

हे पुस्तकी भय नव्हे. जून १९९८मध्ये, अल्फारेटाहून जेमतेम अर्ध्या तासावरच्या मॅरिएटा गावात, व्हाइट वॉटर नावाच्या वॉटर पार्कमधल्या लहान मुलांच्या तलावातून हाच ओ१५७ पसरला. २६ मुलं आजारी पडली, दोन वर्षांची एक मुलगी दगावली. तलावात क्लोरीन पुरेसं नव्हतं. हा जंतू शरीरात जे विष सोडतो त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडावर घाला पडतो. त्या अवस्थेला हीमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तिचा धोका सर्वांत जास्त. त्यातही लबाडी अशी की ती साधारण आठवड्याने, जुलाब ओसरायला लागल्यावर उगवते. पोर बरं होतंय म्हणून घर निश्चिंत होतं, तेव्हाच लघवी कमी होते आणि चेहरा पांढरा पडतो.

आपले वकील म्हणतील, क्लोरीन आहे की! आहे, आणि योग्य प्रमाणात असलं तर ते या जंतूला मिनिटभरात संपवतं, हे मान्य करायलाच हवं. लिटरमागे निदान १ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन आणि पीएच ७.० ते ७.८, एवढं जमलं की झालं. पण बाळांचा तलाव उथळ, पाणी कोमट, वर जॉर्जियाचं ऊन आणि आत पंधरा-वीस पोरांची शू नि घाम. हे सगळं क्लोरीनला खाऊन टाकतं, सर्वांत आधी तिथेच, जिथे सर्वांत लहान मुलं असतात. ‘किती वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ’ हा काठावरचा शेरा तर नेमका उलटा आहे. तो झोंबणारा वास शू आणि घामाशी संयोग होऊन खर्ची पडलेल्या क्लोरीनचा. कामाच्या क्लोरीनला एवढा दर्प नसतो. त्यापेक्षा दुकानात मिळणारी कागदी पट्टी पाण्यात बुडवून डबीवरच्या रंगांशी ताडून पाहावी. पण आपण कमरेला असताना पट्टी कोण विकत घेतो?

दुसरा आक्षेप खास आम्हा मराठी मंडळींचा : आम्ही विहिरीत पोहलो, काही झालं नाही. ज्यांना झालं ते हे सांगायला उरले नाहीत, एवढंच त्याचं उत्तर. एरवी ‘दात येतायत, म्हणून पोट बिघडलंय’ हे असतंच. दात हिरडीतून येतो, त्याने शीतून रक्त पडत नाही. मग भारतातून येताना आणलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप निघते. २०००मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने ओ१५७ झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास छापला. अँटिबायोटिक मिळालेल्या ९ जणांपैकी ५ जणांना तो मूत्रपिंडाचा आजार झाला, न मिळालेल्या ६२ जणांपैकीही ५ जणांनाच. आकडे लहान आहेत आणि पुढे सगळे अभ्यास याच्याशी सहमत झाले नाहीत. तरी शीत रक्त दिसल्यावर तपासणीआधी घरच्या डब्यातलं अँटिबायोटिक देऊ नये, एवढं मानायला ते पुरेत. जुलाब थांबवणारी गोळी तर नाहीच.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो. उन्हाळ्याची सुट्टी, पारा नव्वदीत, मोठ्या भावाला पोहायचंय, धाकट्याला एकटं ठेवणार कुठे? सासू-सासरे व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले असले तर सोय होते, नाहीतर नाही. पण जुलाब होणाऱ्या पोराला डे केअर दारातूनच परत पाठवतं, तेव्हा हेच आईबाप रजा टाकून घरी बसतात, कारण तिथे अडवणारं माणूस असतं. पुलाच्या फाटकावर माणूस नसतो, की-कार्ड असतं. आणि बरं झाल्यावरही लहान मुलाच्या शीतून हा जंतू कित्येक दिवस, कधी काही आठवडे जात राहतो, ते तर कार्डाला मुळीच कळत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पाकिटावर मासे-कासवांच्या जागी ‘पातळ शीसाठी उपयोग नाही’ असं ठळक छापून घ्यावं. खपावर परिणाम होईल अशी भीती नको, दंडक आहे म्हणून लोक आपल्याला घेतीलच. जागा उरली तर बाळांच्या तलावाचं क्लोरीन दिवसातून किती वेळा तपासतात हे एचओएला, म्हणजे घरमालकांच्या संघटनेला, विचारा, असंही घालावं. त्यांच्या बैठकीत कुंपणाच्या रंगावर तासभर जातो, तिथे या प्रश्नाला पाच मिनिटं मिळायला हरकत नाही.

कळावे,
खिशात क्लोरीनच्या पट्ट्या बाळगणारा,
आपला एक शेजारी