तेरा नंबर कुठे गेला?

नाही हो वहिनी, पाहुणे नाही आले. एवढे शर्ट दोरीवर बघून तसंच वाटणार कुणालाही. क्लबच्या जर्सी आहेत त्या, रग्बीच्या. धुण्याची पाळी असते आमच्याकडे. म्हणजे कागदावर पाळी. प्रत्यक्षात ज्या घरात कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्या घरी शनिवारी रात्री पिशवी येऊन पडते. वास येत असेल तर खिडकी लावून घ्या, संध्याकाळपर्यंत जाईल.

थेट मशीनमध्ये नाही टाकायच्या या. आधी गवतावर पसरून नळीनं चिखल काढायचा, नाहीतर मशीन तुंबतं. आमचं तुंबलं होतं, तेव्हा ह्यांनी प्लंबरला जे मोजले त्यात दोन नव्या जर्सी आल्या असत्या. मग उलट्या करायच्या, धुवायच्या आणि वाळल्या की मोजायच्या. एक ते पंधरा मैदानातले, त्यापुढचे राखीव. इथं नंबरावरून माणसाची जागा कळते. एक, दोन, तीन म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड गडी. नऊ नंबर बारका पण तोंडाळ. पंधरा नंबर सगळ्यांच्या मागे एकटा. ती तीन नंबरची जर्सी बघा, तुम्ही-मी दोघी मावू त्यात.

आणि तेरा नंबर गायब आहे. मी पिशवी दोनदा उलटी केली. क्लबच्या ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांनी अंगठे दाखवले, बोललं कोणी नाही. मग मंगळवारी कॅनॉलच्या कडेनं दूध घेऊन येत होते, तर क्लबची फिजिओ मुलगी पळत गेली समोरून. अंगात काय असेल? तेरा नंबर! मी काही बोलले नाही. तेरा नंबरचा गडी दर शनिवारी मांडी धरून तिच्यापुढे का आडवा होतो, ते मात्र उमगलं. तुमच्या पोटात ठेवा हं.

मारामारीचा खेळ? बाहेरून तसाच दिसतो. आता कॉव्हेंट्रीत राहायला आलात म्हणजे सुटका नाही तुमची, रग्बी गाव इथून गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर. पण तुमच्या सात वर्षांच्या बाळाला कोणी पाडणार नाही, एवढं खात्रीनं सांगते. या वयाला टॅकल नसतंच. कमरेला दोन्ही बाजूंना पट्ट्या लावतात, समोरच्यानं पट्टी खेचली की चेंडू सोडायचा. पाडापाडी नऊ वर्षांखालच्या गटापासून. आणि मोठ्यांचंही 2023 पासून बदललं. क्लबांच्या खेळात आता छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापेक्षा वर धरायचं नाही. आधी ‘कमरेच्या वर नाही’ असा ठराव झाला होता, त्यावर देशभर असा गदारोळ झाला की विचारू नका. आमच्या बारमध्ये दोन म्हातारे त्यावरून महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनीही खेळ सोडून तीस वर्षं झालीत.

डोक्याला लागलं तर? ते फार कडक आहे. नुसती शंका आली तरी बाहेर. सामन्यात परत यायला कमीत कमी 21 दिवस, त्याआधी कोणी पंतप्रधानाचा मुलगा असला तरी नाही. आपल्याच एका बाई आहेत, नाव नाही घेत. मुलाची कपची मॅच दहा दिवसांवर. कोचला म्हणाल्या, ‘अहो, एवढंसं टेंगूळ, मी हळद लावलीय.’ कोच म्हणाला, ‘हळद चांगलीच असते, एकवीस दिवस.’ तेव्हापासून त्या कोचशी बोलत नाहीत. मला विचाराल तर कोचचं बरोबर. त्या मुलालाही तसंच वाटत असावं, तो छान तीन आठवडे पाण्याच्या बाटल्या वाटत हिंडला.

फी ना? वर्षाची असते, फार नाही. पण तिथेच आपली माणसं चुकतात, म्हणून आधीच कानावर घालते. आपल्याला वाटतं, फी भरली म्हणजे झालं, स्विमिंगचा क्लास असतो तसं. रविवारी मुलाला फाटकाशी उतरवायचं आणि गाडीत हीटर लावून फोन बघत बसायचं. मीही बघते ना, एका रांगेत पाच गाड्या, पाचांत पाच मराठी-गुजराथी बाबा. अहो, त्या फीमध्ये कोच येत नाही! कोच म्हणजे समोरच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन, त्याचा मुलगा त्याच संघात आहे म्हणून तो उभा. त्याला कोणी एक पै देत नाही. उलट त्यानंच शनिवारी कोर्सला जायचं, प्रथमोपचार शिकायचे, मुलांमध्ये काम करायचं म्हणून डीबीएस तपासणी करून घ्यायची. हो, पोलिसांच्या नोंदी बघतात त्यात. आमचीही झाली. ह्यांना आधी अपमान वाटला होता. मी म्हटलं, मुलांची जात आहे, बघू देत. ती कागदपत्रं सांभाळायलासुद्धा एक बाई आहेत, दिवसभर शाळेत शिकवतात आणि रात्री अकराला आठवणीचे मेल पाठवतात.

रेषेबाहेरून ओरडणाऱ्या एका बाबांची तर गंमतच झाली. हा गृहस्थ दर रविवारी रेफ्रीला शिकवायचा. रग्बीत रेफ्रीशी बोलायचं तर कप्तानानं बोलायचं, तेही ‘सर’ म्हणून. आणि हा रेषेवरून बोंबलतोय. समितीनं त्याला काढलं नाही. गोड बोलून रेफ्रीच्या कोर्सला बसवलं. आता शिट्टी त्याच्याच तोंडात. परवा दहा वर्षांखालच्यांची मॅच होती आणि पलीकडच्या क्लबच्या एका आजी त्याच्यावर ओरडत होत्या. त्याचा चेहरा मी बघितला. इतकी समाधानी मी क्वचित झालेय.

आमचे अध्यक्ष दाखवीन तुम्हाला. पंच्याहत्तरी ओलांडलेले, गुडघे दोन्ही बदललेले. आपल्याकडे मंडळात अध्यक्ष फोटोत असतात आणि सतरंज्या उचलायला दुसरे. इथं अध्यक्षच सतरंज्या उचलतात. थंडीत सकाळी सात वाजता हे मैदानावर, खिशात स्क्रूड्रायव्हर. तो जमिनीत खुपसून बघतात. गेला तर खेळ, नाही गेला तर आत बर्फ धरलाय, मग पाहुण्या क्लबला फोन, येऊ नका. नंतर बादली घेऊन सगळ्या मैदानाला फेरी. कशाला म्हणजे? कुत्री, वहिनी, कुत्री. लोक रात्री फिरवायला आणतात आणि उचलत नाहीत. मुलं तोंडावर पडतात त्याच गवतात. आठवडाभरात बाटलीच्या काचाही निघतात. मग रेषांचा रंग, कोपऱ्यांचे झेंडे, आणि गोलच्या खांबांना जाड गाद्या बांधायच्या, म्हणजे पळता पळता कोणी आदळलं तरी हाड मोडायला नको.

स्वयंपाकघरात मी असते. चहाचा मोठा बंब, तो आठला लावला तर नऊला उकळतो. बेकन मी तळत नाही, ते समितीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते काम एका निवृत्त फायरमनकडे आहे आणि त्यालाच शोभतं. बटाटेवडे केले होते एकदा, निधीसाठी. सोपं वाटतं ना? चौदा प्रकारच्या अ‍ॅलर्जींची यादी असते इथं, प्रत्येक पदार्थासमोर लिहायचं. मोहरीसुद्धा आहे त्यात! आपलं फोडणीशिवाय काय होतं, सांगा. मी मोहरीपुढे खूण केली आणि शंभर वडे अर्ध्या तासात संपले.

बायकांच्या गळ्यात कामं पडायची या खेळाची परंपरा जुनी आहे म्हणा. रग्बी गावात शाळेसमोर रिचर्ड लिंडन म्हणून बूट शिवणारा होता, शाळेच्या मुलांना चेंडूही करून द्यायचा. तेव्हा चेंडूत डुकराचं मूत्राशय असायचं, कच्चं, आणि ते फुगवायचं तोंडानं. फुगवायला कोण? त्याची बायको रिबेका. सतरा मुलांची आई, आणि वर हे. कुठल्या तरी रोगट जनावराची हवा छातीत गेली आणि त्यातच ती बाई गेली असं सांगतात. मग 1862 च्या सुमारास लिंडननं रबराचा फुगा आणि हवा भरायचा पितळी पंप काढला. आधी सुचलं असतं तर! आणि ज्याचा पुतळा उभा आहे तो विल्यम वेब एलिस. 1823 मध्ये त्यानं चेंडू हातात घेऊन पळ काढला म्हणतात. ही गोष्ट छापून आली तो गेल्यावर चार वर्षांनी, विचारायचं कुणाला? पुरुषांच्या विश्वचषकाला त्याचंच नाव दिलंय. मी त्या गावात गेले की मला रिबेकाबाईच आठवतात.

बार? असतो तर. तोंड वाकडं करू नका, बारवरच क्लब चालतो. वीज, विमा, पंचांचा प्रवासखर्च, सगळं त्या ग्लासांतून निघतं. आजकालची मुलं कमी पितात, आणि खजिनदार सुस्कारे टाकतात. आई म्हणून मला बरं वाटतं, पण समितीत बसलं की गप्प राहते. बारवर क्लब चालतो याचं उदाहरण तर आपल्याच देशातलं आहे. 1872 च्या नाताळात कलकत्त्यातल्या गोऱ्या लोकांनी रग्बीचा सामना केला, जानेवारी 1873 मध्ये क्लब काढला. सभासदांना दारू फुकट होती, तोवर झकास चाललं. ती फुकट दारू थांबली आणि लोक गळायला लागले. तिथली पलटण हलली, उकाडा होताच, पोलो आणि टेनिस जास्त आवडायला लागलं. शेवटी पाच-सहा वर्षांत क्लब गुंडाळला. पण माणसं सरळ हो. बँकेतले उरलेले 270 चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्याचा चषक केला. तीन नाग त्याच्या कड्या, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून त्याच्यासाठी खेळतात. कलकत्ता कप म्हणतात त्याला. 1988 मध्ये डीन रिचर्ड्स आणि जॉन जेफ्री, दोन्ही बाजूंचे एकेक खेळाडू, रात्री तो घेऊन एडिंबरात पबमधून पबमध्ये हिंडले आणि चेपवून आणला. आपल्या चांदीची ही अवस्था! त्या सामन्याची तिकिटं क्लबांना कोट्यानं येतात, आणि चिठ्ठ्या टाकताना आमच्याकडे जे चेहरे होतात ते बघायला मी मुद्दाम थांबते.

मोठी बातमी तर राहिलीच. मुलींचा संघ निघाला. 27 सप्टेंबर 2025 ला ट्विकनमला महिलांच्या विश्वचषकाचा शेवटचा सामना झाला, इंग्लंडनं कॅनडाला 33-13 हरवलं, 81,885 माणसं बघायला. बायकांच्या रग्बीला तेवढी गर्दी कधी झालीच नव्हती. पुढच्या रविवारी आमच्या फाटकाशी मुलींची रांग. चेंडू होते, कोच मिळाला, कपडे बदलायला जागा नाही! इमारत बांधली तेव्हा बायका फक्त सँडविच करायला येणार असं धरलेलं. कपडे बदलायची खोली म्हणजे भिंतभर मुताऱ्या आणि एक उघडं न्हाणीघर. मुली सध्या पंचाच्या खोलीत बदलतात आणि पंच बिचारा भांडारात, रंगाच्या डब्यांमध्ये. समितीत एकजण म्हणाला, ‘आधी पाहू या, उत्साह टिकतो का.’ मी त्याला विचारलं, पुरुषांच्या तिसऱ्या संघाचा उत्साह टिकतो का हे कधी पाहिलं? तो संघ शुक्रवारी रात्री अठरा असतो आणि शनिवारी दुपारी बारा. पुढच्या फळीत खेळायला शिकलेला प्रॉप नसला तर स्क्रममध्ये खरी ढकलाढकल करता येत नाही, म्हणून पन्नाशीच्या माणसांना जेवणावरून उठवून बोलावतात. आता मुलींच्या कपडे बदलायच्या जोडखोलीसाठी निधी गोळा करतोय.

तुम्ही पुण्याच्या ना? मग वाहबीज भरुचा तुमच्याच गावची. भारताच्या महिला संघाची कप्तान होती ती. पंधरा जणींच्या खेळात भारतानं पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला तो 2019 मध्ये, सिंगापूरविरुद्ध. इथल्या मुलींना मी सांगितलं, त्यांनी लगेच फोनवर शोधलं.

सेक्रेटरी सोडतायत या वर्षी. सभेत नवं नाव विचारलं तर सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. ह्यांनीही बघितले, मी कोपर मारलं तरी. खेळाडू मिळत नाहीत अशी ओरड सगळे करतात, मला नाही पटत. चार माणसं आजारी पडली तर क्लब बंद पडेल, आणि ती चार माणसं खेळत नाहीत. एक शिट्टी वाजवतो, एक बादली उचलतो, एक मेल पाठवते, एक हे असे शर्ट धुते.

तर बाळाला घेऊन या रविवारी, पावणेनऊला. बूट खालून खुंट्यांचे हवेत, जुने चालतील, क्लबात पेटीभर पडलेत. टोपी, जादा मोजे, आणि घरी नेताना गाडीच्या सीटवर टाकायला जुना टॉवेल. आणि भावोजींना गाडीत बसू देऊ नका. त्यांना सांगा, पावसाचं जाकीट घालून थेट मैदानावर या. खांबांच्या गाद्या बांधायला चौघं लागतात आणि आम्ही तिघंच आहोत.